निकालपत्रक, स्टॉक कार्ड आणि उघडे दार: आफ्रिकेतील नागरी समाज लोकशाही कारभारासाठी नेमके काय करू शकतो?

मलावीतील एका संस्थेत दोन वर्षे काम करण्याची संधी तुम्हाला आली आहे. आफ्रिकेतील नागरी समाजामुळे तिथली लोकशाही खरोखर बळकट होते का, की परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्था केवळ कार्यशाळा घेत राहतात, असे तुम्ही निघण्यापूर्वी विचारले आहे. बुर्किना फासोचे उदाहरणही तुम्ही दिले आहे. तिथे २०१४ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून २७ वर्षांची राजवट घालवली आणि पुढच्या आठ वर्षांच्या आत लष्कर सत्तेवर आले. मग त्या धडपडीतून काय मिळाले, हा तुमचा प्रश्न आहे. मी २००७ पासून नंदुरबार जिल्ह्यात आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेखीच्या कामात होते आणि २०११ ते २०२२ या काळात मलावीत, मधूनमधून केनियात, त्याच धर्तीचे काम केले. त्या अनुभवावरून उत्तर देते. ते लांबेल, कारण ‘होते’ किंवा ‘होत नाही’ असे एका शब्दात सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. सत्तेवर बसलेल्या माणसाला हटवणे हा एक विषय आहे. सत्तेवर कोणीही आला तरी त्याला हिशेब द्यावाच लागेल अशी व्यवस्था रुजवणे हा दुसरा. पहिले काम कधीकधी चार दिवसांत होते आणि जगभरच्या वाहिन्यांवर दिसते. दुसऱ्याला वीस-वीस वर्षे लागतात आणि त्याची बातमी क्वचितच होते. आपण नागरी समाजाला पहिल्या कामावरून जोखतो आणि दुसरे झाले नाही म्हणून निराश होतो. मी पाहिलेल्या कामात यश आले ते अशा ठिकाणी, जिथे लोकांच्या हातात कोणालाही तपासता येईल असा कागद होता, तो घेऊन जाता येईल असे निदान एक दार उघडे होते, आणि दाराशी महिनोन्महिने उभी राहण्याची तयारी असलेली माणसे होती. दार न्यायालयाचे असेल, जिल्हा कौन्सिलचे असेल किंवा निवडणूक आयोगाचे.

यातले बरेच परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच सांगते. आफ्रिका खंडात ५४ देश आहेत. घानात १९९२ पासून नियमित निवडणुका होत आल्या आहेत आणि सत्ताधारी पक्ष मतपेटीतून चार वेळा पायउतार झाला आहे. इरिट्रियाला १९९३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, पण तिथे आजवर एकही राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही. घानात उपयोगी ठरलेली पद्धत इरिट्रियात सुरू करायलाही जागा नाही. न्यायाधीश किती स्वतंत्र आहेत, लष्कर कोणाच्या बाजूने उभे राहते, विरोधी पक्ष खरोखर जिंकू शकतो का, आणि संस्थांवर नियंत्रण ठेवणारा कायदा कसा आहे, या चार गोष्टी बदलल्या की माझे उत्तरही बदलते. म्हणून मी मुख्यतः मलावीविषयी बोलेन, कारण तुम्ही तिथे जात आहात आणि तो देश मला गावपातळीवर ठाऊक आहे.

‘नागरी समाज’ म्हटले की आपल्याकडे नोंदणीकृत संस्था, प्रकल्प आणि अहवाल डोळ्यांसमोर येतात. मलावीत त्याची मुळे चर्चमध्ये आहेत. हेस्टिंग्ज बांडा देशाच्या स्वातंत्र्यापासून, म्हणजे १९६४ पासून सत्तेवर होते आणि १९७१ मध्ये त्यांना तहहयात अध्यक्ष करण्यात आले; त्यांच्यावर उघड टीका करणाऱ्याच्या वाट्याला तुरुंग येत असे. मार्च १९९२ मध्ये तिथल्या कॅथलिक बिशपांनी एक पत्र लिहिले आणि ते एकाच रविवारी देशभरच्या चर्चमध्ये वाचून दाखवले गेले. गरीब-श्रीमंतांमधली वाढती दरी, शाळा आणि दवाखान्यांची दुरवस्था, मोकळेपणाने बोलण्याची भीती, या सगळ्यांना अनुभवाने माहीत असलेल्या पण कोणी मोठ्याने न बोललेल्या गोष्टी त्या पत्रात होत्या. बिशपांना पोलिसांनी चौकशीसाठी नेले, पण पत्र तोवर गावोगाव पोचले होते. पाठोपाठ विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले. चर्च, मुस्लिम संघटना, वकील आणि व्यापारी यांनी मिळून पब्लिक अफेअर्स कमिटी स्थापन केली आणि सरकारला वाटाघाटीला बसवले. १४ जून १९९३ रोजी सार्वमत होऊन लोकांनी बहुपक्षीय पद्धत निवडली, आणि मे १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले. या साऱ्यात कोणताही प्रकल्प नव्हता. दर रविवारी एकत्र येणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे आधीपासून होती, आणि पत्राला बळ त्यांच्यामुळे आले. मलावीत काम करताना हे विसरू नका; तुमच्या संस्थेचे वय बहुधा गावातल्या चर्चच्या महिला मंडळापेक्षा कमी असेल.

आता २०१९ कडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर त्या एका वर्षात आहे. २१ मे २०१९ रोजी मतदान झाले. पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मते मिळवून पुन्हा अध्यक्ष झाल्याचे निवडणूक आयोगाने जाहीर केले. त्यांचे प्रतिस्पर्धी लाझारस चक्वेरा ३५.४१ टक्क्यांवर आणि सौलोस चिलिमा २०.२४ टक्क्यांवर थांबले. मात्र अनेक मतदान केंद्रांच्या निकालपत्रकांवर आकडे व्हाइटनरने खोडून पुन्हा लिहिलेले होते, काहींवर सह्या नव्हत्या, काही ठिकाणी मूळ प्रतीऐवजी दुसराच कागद वापरलेला होता. व्हाइटनरच्या टिपेक्स या ब्रँडवरून लोकांनी त्या निवडणुकीला ‘टिपेक्स निवडणूक’ असेच नाव दिले. चिलिमा आणि चक्वेरा न्यायालयात गेले. दुसरीकडे ह्यूमन राइट्स डिफेंडर्स कोएलिशन या मानवाधिकार कार्यकर्त्यांच्या आघाडीने आयोगाच्या अध्यक्षांच्या राजीनाम्यासाठी मोर्चे सुरू केले. ते एक-दोन आठवड्यांत थांबले नाहीत. सुनावणी चालू होती तोवर, महिनोन्महिने ते निघत राहिले.

ही पहिली बाजू लोक सांगतात, दुसरी सांगत नाहीत. खाडाखोडीचा बहुतेक पुरावा राजकीय पक्षांनी आपल्या मतमोजणी प्रतिनिधींकडून गोळा करून न्यायालयापुढे ठेवला होता. नागरी समाजाचे काम वेगळे होते आणि माझ्या मते तितकेच आवश्यक होते. प्रकरण विस्मरणात जाऊ न देणे, न्यायाधीशांवर दबाव आला तर ती गोष्ट लपून राहणार नाही याची खात्री देणे, आणि लोकांचा राग हिंसेकडे वळू न देता न्यायालयाकडे वळवणे, असे ते काम होते. शेवटच्या बाबतीत सर्वत्र यश आले नाही. मोर्च्यांच्या काळात लूट झाली, माणसे मेली, पोलिसांवर बलात्काराचे गंभीर आरोप झाले आणि त्यांचा पाठपुरावा महिला वकिलांच्या संघटनेला करावा लागला. आघाडीच्या नेत्यांच्या घरांवर पेट्रोल बॉम्ब टाकले गेले. लष्कराने मोर्चेकऱ्यांवर बंदुका रोखल्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी त्यांना संरक्षण दिले. ही गोष्ट नागरी समाजाच्या हातात नव्हती, आणि ती वेगळी घडली असती तर आज मी हे उत्तर वेगळ्या शब्दांत लिहिले असते.

३ फेब्रुवारी २०२० रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला. चिलखती वाहनातून न्यायालयात आलेल्या न्यायाधीशांनी तो जवळजवळ दिवसभर वाचला आणि देशभर रेडिओवर लोकांनी तो ऐकला. मी त्या दिवशी राजधानी लिलाँग्वेजवळच्या एका बाजारात होते. शेंगदाणे आणि उसिपाचे सुके मासे विकणाऱ्या बायका ढिगाच्या मधोमध रेडिओ ठेवून बसल्या होत्या आणि कायद्याच्या इंग्रजीतले जे कळेल ते एकमेकींना तिथल्या चिचेवा भाषेत सांगत होत्या. गैरप्रकार व्यापक, पद्धतशीर आणि गंभीर होते असे ठरवून न्यायालयाने निवडणूक रद्द केली, आणि ‘बहुमत’ म्हणजे निम्म्यांहून अधिक मते असा घटनेचा अर्थ लावला. मे महिन्यात सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतर जूनमध्ये, फेरमतदानाच्या तोंडावर, सरन्यायाधीशांना रजेवर पाठवण्याचा सरकारने प्रयत्न केला. तेव्हा वकील संघटना, स्वतः न्यायाधीश आणि मानवाधिकार आघाडी उभे राहिले, मनाई हुकूम मिळाला आणि आदेश थोपवला गेला. २३ जूनला फेरमतदान झाले आणि चक्वेरा सुमारे ५९ टक्के मतांनी निवडून आले. केनियात १ सप्टेंबर २०१७ रोजी अध्यक्षीय निवडणूक न्यायालयाने रद्द केली होती, पण तिथे विरोधकांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार घातला. रद्द झालेल्या निवडणुकीनंतर विरोधी उमेदवार जिंकला, असे आफ्रिकेत प्रथमच मलावीत घडले.

एप्रिल २०२० ची एक छोटी घटना मला याहूनही बोलकी वाटते. सरकारने कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर केली. रोज कमावून रोज खाणाऱ्यांसाठी कोणतीही तरतूद नव्हती. त्याच आघाडीने न्यायालयात जाऊन ती टाळेबंदी थांबवली. निकाल बरोबर होता का यावर डॉक्टरांचे मत वेगळे असू शकते, आणि आरोग्याच्या कामातली असल्याने मलाही तेव्हा काळजी वाटली होती. पण घटनेच्या चौकटीत सरकारला ‘या निर्णयाआधी गरिबांचा विचार केलात का’ असे विचारता येते, आणि सरकारला थांबावे लागते, हे सामान्य माणसाने निवडणुकीशिवाय पाहिले.

नागरी समाज स्वतः पुरावा तयार करतो, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे समांतर मतगणना. देशातल्या हजारो मतदान केंद्रांमधून नमुनाशास्त्राच्या नियमांनी काही केंद्रे निवडायची, प्रत्येकावर प्रशिक्षित निरीक्षक बसवायचा, मोजणी संपल्यावर केंद्रावर लावलेल्या निकालपत्रकातले आकडे त्याने मोबाइलवरून सांकेतिक स्वरूपात मुख्यालयाला पाठवायचे, आणि त्यावरून देशाचा अंदाज त्रुटीच्या मर्यादेसह काढायचा. आयोगाचा आकडा त्या मर्यादेत बसला तर निकालावर विश्वास वाढतो. बसला नाही तर मधल्या वाटेवर काहीतरी घडले आहे हे उघड होते. घानात डिसेंबर २००८ मध्ये दुसऱ्या फेरीतले अंतर सुमारे ४०,००० मतांचे, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी होते. इतक्या चुरशीत शहरे पेटायला एक अफवा पुरली असती. तिथे स्थानिक निरीक्षकांच्या ‘कोडिओ’ या आघाडीची समांतर गणना उपयोगी पडली. झांबियात ऑगस्ट २०२१ मध्ये चर्चच्या निरीक्षक गटाने हेच केले. अधिकृत निकाल त्यांच्या अंदाजाशी जुळला आणि पराभूत अध्यक्ष एडगर लुंगू यांनी पराभव मान्य केला. त्यांनी केवळ त्या आकडेवारीमुळे मान्य केले असे मी म्हणणार नाही; विजयी उमेदवार हिचिलेमा यांची आघाडी जवळजवळ दहा लाख मतांची होती. पण शंकेला जागा उरली नाही, हे खरे.

इथपर्यंत निवडणुकीबद्दल झाले. तुमचे बहुतेक दिवस मात्र दोन निवडणुकांच्या मधले असतील, आणि माझी खरी आस्था त्या कामात आहे.

कम्युनिटी स्कोअरकार्ड ही पद्धत केअर या संस्थेने २००२ मध्ये मलावीतच विकसित केली. गावकरी आणि दवाखान्याचे कर्मचारी आपापल्या बैठकीत सेवांना गुण देतात, मग समोरासमोर बसून फरक का पडला ते बोलतात आणि कोण काय सुधारणार हे ठरवतात. महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा आम्ही गावाचे आरोग्यपत्रक लाल, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत भरत होतो आणि जनसुनवाईत वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे मांडत होतो. त्यामुळे मलावीत पोचले तेव्हा पद्धत मला ओळखीची वाटली, आणि त्या ओळखीनेच मला फसवले. आम्ही एका जिल्ह्यात तीन वर्षे समित्या बांधल्या, गुणपत्रके भरली, उत्तम अहवाल लिहिले. निधी संपला आणि सहा महिन्यांत बहुतेक समित्या बंद पडल्या.

त्याची कारणे मी नंतर शोधली. पहिले म्हणजे दार नव्हते. मलावीत २००५ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर मे २०१४ पर्यंत स्थानिक निवडणुकाच झाल्या नाहीत. नऊ वर्षे जिल्हा कौन्सिलमध्ये लोकांनी निवडलेला माणूस नव्हता. नंदुरबारमध्ये जनसुनवाईत पंचायत समितीचा सदस्य किंवा जिल्हा परिषदेचा माणूस समोर बसलेला असे आणि त्याला पुढच्या वेळी मत हवे असे. मलावीत आमचा कागद ज्या अधिकाऱ्याकडे जाई, त्याची बदली व्हायची. दुसरे कारण भत्त्याचे. बैठकीला येणाऱ्यांना सिटिंग अलाउन्स देण्याची पद्धत सगळ्याच प्रकल्पांनी पाडली होती, आम्हीही ती मोडली नाही. मग भत्ता थांबल्यावर बैठक थांबणे स्वाभाविक होते. यात गावकऱ्यांना दोष देणे चूक आहे. शेतीचा दिवस सोडून येणाऱ्या बाईचा वेळ फुकट नसतो, आणि तो वेळ स्वतःच्या कारणासाठी द्यावासा वाटेल असे काम आम्ही तिच्यापुढे ठेवले नव्हते.

एक समिती मात्र टिकली. तिच्यातल्या बहुतेक बायका आधीपासून चर्चच्या महिला मंडळात होत्या. मलावीत सरकारी औषधे आरोग्य केंद्रावर येतात तेव्हा गावच्या समितीने हजर राहून ती मोजावीत आणि सही करावी, अशी पद्धत आहे. या बायकांनी गुणपत्रक वगैरे सोडून दिले आणि तेवढी एकच गोष्ट धरली. मलेरियाच्या गोळ्यांना तिथे सगळे ‘एलए’ म्हणतात. किती खोकी आली ते त्या वहीत लिहीत, दर पंधरवड्याला स्टॉक कार्डवरचा, म्हणजे औषधसाठ्याच्या नोंदीतला, आकडा विचारत आणि दवाखान्याच्या नोंदवहीतल्या रुग्णसंख्येशी ताडून पाहत. २०१३ मध्ये सरकारी तिजोरीतल्या ‘कॅशगेट’ नावाने गाजलेल्या लुटीनंतर दात्या देशांनी अर्थसंकल्पाला देण्याची मदत थांबवली आणि औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा त्यांच्या वहीमुळेच कळू शकले की आपल्या केंद्रावर औषध आलेच नाही की आल्यावर गेले. २०१४ मध्ये नवा नगरसेवक निवडून आला, तेव्हा त्याच्याकडे जाताना त्यांच्या हातात तीन वर्षांची वही होती. तोवर बंद असलेले दार उघडले त्या दिवशी त्यांचा कागद तयार होता. हे मी माझ्या कामाचे यश म्हणून सांगत नाही. ते त्यांचे आहे, आणि माझे प्रशिक्षण त्यांनी जेवढे उपयोगी होते तेवढेच उचलले.

भारताशी असलेला आणखी एक खरा धागा मोम्बासात आहे. केनियात २००३ च्या कायद्याने मतदारसंघ विकास निधी सुरू झाला. सरकारच्या महसुलाचा किमान २.५ टक्के भाग त्यात जाई आणि त्यावर व्यवहारात खासदाराचा ताबा असे. मोम्बासातील ‘मुहुरी’ या मानवाधिकार संस्थेने राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेच्या सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे सरकारी खर्च लोकांनी उघडपणे तपासण्याचा, धडा घेऊन, तिथल्या कार्यकर्तीच्या मदतीने, या निधीची कामे लोकांकडून तपासून घेतली. तेव्हा केनियात माहिती अधिकाराचा कायदा नव्हता. तो २०१६ मध्ये झाला. कार्यालयात ठाण मांडून मिळवलेल्या फायली घेऊन माणसे बांधकामापाशी गेली, सिमेंटचा दर्जा आणि बिलातली रक्कम पाहिली, आणि भर सभेत वाचून दाखवली. पुढे इतर संस्थांनी या निधीच्या कायद्यालाच आव्हान दिले. उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या निधीचा २०१३ मधला सुधारित कायदा घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात संसदेने नवा कायदा करून निधी चालूच ठेवला. दाव्यापासून अंतिम निकालापर्यंत सुमारे नऊ वर्षे गेली, आणि लढाई तरीही संपली नाही. कोणत्याही दात्याचा प्रकल्प नऊ वर्षांचा नसतो, हे लक्षात ठेवा.

दक्षिण आफ्रिकेतील ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनचा उल्लेख टाळता येत नाही. १० डिसेंबर १९९८ रोजी केपटाउनमध्ये सुरू झालेल्या या संघटनेत एचआयव्हीसह जगणारी माणसेच सभासद होती. वस्त्यांमध्ये बायका एकमेकींना विषाणू, औषध आणि त्याचे दुष्परिणाम समजावून देत. त्याला ते उपचार-साक्षरता म्हणत. ३९ औषध कंपन्यांनी स्वस्त औषधांच्या कायद्यावरून सरकारवर भरलेला खटला २००१ मध्ये सुनावणीला आला, तेव्हा ही संघटना सरकारच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली आणि एप्रिलमध्ये कंपन्यांनी माघार घेतली. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्लाने एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधांसाठी ३५० डॉलरचा भाव देऊन त्या वादाला वेगळेच वळण दिले होते. आणि त्याच वर्षी, मातेकडून बाळाला होणारी लागण टाळणारे नेव्हिरापिन हे औषध सरकार केवळ १८ प्रायोगिक केंद्रांपुरते ठेवत होते म्हणून संघटनेने सरकारवर दावा लावला. ५ जुलै २००२ रोजी घटना न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आज सरकारसोबत, उद्या सरकारविरुद्ध, आणि दोन्ही वेळा त्याच मागणीसाठी: नागरी समाज आणि विरोधी पक्ष यांतला फरक मी नव्या सहकाऱ्यांना याच उदाहरणाने समजावते.

आता तुमच्या बुर्किना फासोकडे. ‘नागरिकांचा झाडू’ असा नावाचा अर्थ असलेल्या बाले सितवायाँ या चळवळीने, कामगार संघटनांनी आणि विरोधी पक्षांनी मिळून ऑक्टोबर २०१४ मध्ये अध्यक्षांना आणखी मुदत मिळवून देणाऱ्या घटनादुरुस्तीला विरोध केला आणि ३१ ऑक्टोबरला अध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये अध्यक्षीय रक्षक दलाने उठाव केला, तो लोकांनी आणि बाकीच्या सैन्याने आठवड्याभरात मोडून काढला, आणि नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. इथवर नागरी समाज अपयशी ठरला असे कोण म्हणेल? त्यानंतर बिघडले ते वेगळ्या ठिकाणी. उत्तरेकडून जिहादी गटांचे हल्ले वाढत गेले आणि देशाच्या मोठ्या भागातून शाळा, दवाखाने, प्रशासन मागे हटले. नोव्हेंबर २०२१ मध्ये इनाटा येथे पन्नासच्या आसपास जवान मारले गेले. त्यांना आठवड्यांपासून पुरेसे अन्नही मिळत नव्हते, हे बाहेर आले तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. जानेवारी २०२२ मध्ये पहिले आणि सप्टेंबरमध्ये दुसरे लष्करी बंड झाले, आणि अनेकांनी त्यांचे स्वागत केले. जिथे राज्यसंस्थाच उरत नाही, तिथे तिला हिशेब विचारणाऱ्या माणसाला विचारायला कोणी समोर नसते. या चळवळीचे सहसंस्थापक असलेले वकील गी एर्वे काम यांना जानेवारी २०२४ मध्ये साध्या वेषातील माणसांनी उचलून नेले. त्या देशातल्या कार्यकर्त्यांनी किंमत मोजली आहे. त्यांची धडपड वाया गेली असे इथे बसून म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही.

आफ्रिकेतील जनमत अजमावणाऱ्या ॲफ्रोबॅरोमीटर या संस्थेच्या ३९ देशांतील पाहण्यांत सुमारे दोनतृतीयांश लोक लोकशाहीच पसंत करतात असे दिसते, पण निवडून आलेले नेते सत्तेचा गैरवापर करत असतील तर लष्कराने सूत्रे घेणे चालेल असे निम्म्याहून अधिक लोक म्हणतात. माझ्या ओळखीच्या तरुणांमध्ये मी हे दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकले आहे. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्याला कारभाराचा हिशेब मागण्याचा कोणताही मार्ग हाताशी दिसत नाही, तो शेवटचा मार्ग म्हणून गणवेशाकडे पाहतो.

परदेशी पैशाबद्दलची तुमची शंका रास्त आहे. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैपर्यंत त्यांची मदतसंस्था बंदच झाली. माझ्या जुन्या सहकाऱ्यांपैकी अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, काही संस्थांना कुलूप लागले. पण परदेशी पैसा म्हणजे परक्यांचा हस्तक्षेप, हे सरकारांचे म्हणणेही जसेच्या तसे घेऊ नका. तीच सरकारे अर्थसंकल्पासाठी त्याच देशांकडून मदत घेत असतात. इथिओपियाने २००९ च्या कायद्याने मानवाधिकारांवर काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना परदेशातून १० टक्क्यांहून अधिक निधी घेण्यास मनाई केली. २०१९ मध्ये नवा कायदा येईपर्यंत महिलांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या वकील संघटनेसारख्या संस्था जेमतेम तग धरून होत्या. मोम्बासातील त्या मुहुरीची खातीही २०१५ मध्ये दहशतवादाशी संबंधाच्या आरोपावरून गोठवली गेली आणि न्यायालयाने त्या वर्षअखेर ती मोकळी केली. म्हणून मी पैसा कुठून आला याच्याआधी दुसरा प्रश्न विचारते: पैसा थांबला तर यातली कोणती माणसे पुढच्या महिन्यात पुन्हा भेटतील?

एक धोका आतून येतो. २०१९ च्या मोर्च्यांचे प्रमुख नेते टिमोथी म्टांबो नव्या सरकारात मंत्री झाले. राजकारणात जाणे हा त्यांचा अधिकार आहे आणि चांगली माणसे तिथे हवीतच. पण कालपर्यंत रस्त्यावर असलेला माणूस आज मंत्रिमंडळात बसला की मागे राहिलेल्यांच्या प्रत्येक टीकेला हेतू चिकटवले जातात, हे मी जवळून पाहिले. नव्या सरकारचे पहिले वर्ष संघटनांना फार जड जाते. जुन्या मित्रांना फोन करून काम होते, आणि लेखी अर्ज करण्याची सवय सुटते. मलावीत माहिती अधिकाराचा कायदा ३० सप्टेंबर २०२० पासून लागू झाला आहे आणि त्यासाठी संघटना दशकाहून अधिक काळ भांडल्या आहेत. फोनवर मिळणारी माहितीही त्या कायद्याखाली लेखी मागत चला.

सप्टेंबर २०२५ मध्ये मलावीत पुन्हा निवडणूक झाली. त्याच पीटर मुथारिका यांनी, या वेळी सुमारे ५७ टक्के मते मिळवून, चक्वेरा यांना हरवले आणि चक्वेरा यांनी पराभव मान्य केला. महागाई, इंधनाच्या रांगा आणि परकीय चलनाचा तुटवडा यांना लोक कंटाळले होते. माझ्या काही मित्रांना हे २०२० वर पाणी फिरल्यासारखे वाटले. मला तसे वाटत नाही. २०१९ मध्ये ३८ टक्क्यांवर अध्यक्ष होता येत होते. आता त्याच माणसाला निम्म्याहून अधिक मतदारांकडे जावे लागले, आणि ती अट न्यायालयात मिळवलेली होती.

जाण्याचे ठरवलेत तर चिचेवा शिकायला आजपासून सुरुवात करा. दुभाष्यामार्फत घेतलेल्या बैठकीत बायका बोलत नाहीत. पोचल्यावर पहिल्या महिन्यात संस्थेचा प्रकल्प-आराखडा बाजूला ठेवून तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्राचे स्टॉक कार्ड, शाळेच्या अनुदानाची नोंद आणि मतदारसंघ विकास निधीच्या कामांची यादी कोणाला पाहायला मिळते, हे शोधा. ज्या गटाने यातली एखादी वही आधीच स्वतःहून ठेवलेली आढळेल, त्याच्याजवळ बसा आणि त्यांना कशात अडचण येते ते विचारा. तुमच्या जिल्ह्याच्या कौन्सिलची बैठक कोणत्या तारखेला आहे आणि तिथे नागरिकांना बसू देतात का, हेही त्याच महिन्यात कळून घ्या. मला तिथल्या दोन-तीन जिल्ह्यांची माहिती आहे; तुमचा जिल्हा कोणता ते कळवलेत, तर तिथे पहिल्यांदा कोणत्या कार्यालयात जावे हे मी सांगू शकेन.